तीन कंस, चार मार्क

परीक्षेला बारा दिवस उरलेत. पायथॉनच्या सिलॅबसची झेरॉक्स आज पहिल्यांदा हातात आली आणि तिच्यात लिस्ट, टपल, सेट, डिक्शनरी अशी चार नावं दिसली. पोटात गोळा आला असेल. येऊ द्या. नांदेड-लातूरच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं पोरांच्या खुर्च्यांमागं उभा राहिलोय. या चौघांपैकी एकाचंही तोंड न पाहता फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली इतकी पोरं पाहिलीत, की त्यांची नावं ठेवायला मलाच लिस्ट लागेल. त्या अनुभवाचा अर्क खाली देतोय. सांगितलं तसं करा. मध्येच डोकं चालवू नका, हुशार पोरं तिथंच वाया जातात.

१. मशीनपासून लांब राहा.

लॅबमध्ये तीन पोरांत एक मशीन असतं. एक जण टाइप करतो, दुसरा त्याला स्पेलिंग सांगतो, तिसरा मोबाईल चार्जिंगला लावतो. तुम्ही तिसरे व्हा. टाइप करणाऱ्याला एरर येतो, सांगणाऱ्याला शिव्या बसतात, चार्जिंगवाल्याची बॅटरी भरते. नांदेडकडचं पोरगं ‘सर, एरर यायलाय’ म्हणतं, लातूरकडचं ‘एरर येलालाय’ म्हणतं. एरर दोघांचाही कंस न मिटवल्याचाच असतो.

आता कंसाचा विषय निघालाच आहे तर एवढं ऐकून ठेवा. शाळेत कंचेभागुबेव पाठ केलं तेव्हा कंस आधी सोडवायचा एवढंच कळलं होतं, कुठला कंस कुणाच्या मालकीचा हे कुणी सांगितलं नव्हतं. चौकोनी कंस लिस्टचा. साधा गोल कंस टपलचा. महिरपी कंसात मात्र डिक्शनरी आणि सेट या दोन जावा एकत्र नांदतात. डिक्शनरी थोरली, घर उभं राहिलं तेव्हापासूनची. धाकटी रीतसर घरात आली २००४ साली, आणि महिरपी कंसात तिला वाटा मिळाला आणखी चार वर्षांनी. म्हणून आजही नुसता रिकामा महिरपी कंस लिहिला की तो थोरलीच्या नावावर चढतो. रिकामा सेट हवा असेल तर ‘सेट’ असं नाव घेऊन पुढं गोल कंस उघडावा-मिटवावा लागतो. यात तर्क शोधू नका. तुमच्या घरात कुठल्या जावांच्या वाटणीत तर्क होता?

२. जर्नल आधी, प्रोग्राम नंतर, जमल्यास कधीच नाही.

गेल्या वर्षीच्या टॉपर मुलीचं जर्नल मिळवा. तिनं ते त्याआधीच्या टॉपरकडून घेतलेलं असतं. डाव्या पानावर प्रोग्राम, उजव्या पानावर आउटपुट, दोन्ही निळ्या शाईत. आउटपुट हातानं लिहिण्याचा मोठा फायदा असा, की ते कधी चुकत नाही.

एक धोका आहे, तेवढा ध्यानात ठेवा. सेटच्या प्रॅक्टिकलमध्ये आंबा, केळी, पेरू, चिकू अशी फळं टाकून सेट छापायचा असतो. आमच्याकडच्या साठही जर्नलांत आउटपुट एकच असतं: आंबा, केळी, पेरू, चिकू. खरा सेट दर वेळी असला ओळीनं बसत नाही. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथॉन शब्दांचे हॅश, म्हणजे ज्या आकड्यांवरून जागा ठरते ते, दर वेळी नव्यानं पिसतो, त्यामुळं तोच प्रोग्राम आत्ता चालवला तर पेरू पुढं येईल, चहा पिऊन आल्यावर चिकू. साठ पोरांनी खरोखर चालवला असता तर फळांचे किती तरी वेगळे क्रम निघाले असते. साठांचा एकच निघाला, म्हणजे किती जणांनी चालवला ते तुम्हीच मोजा. मोजू नका, राहू द्या. तपासणारेही मोजत नाहीत.

३. ‘फरक स्पष्ट करा’ हा तुमचा धर्म.

चार मार्कांचा प्रश्न, चार फरक, मध्ये पट्टीनं रेघ. लिस्ट म्युटेबल, टपल इम्म्युटेबल. हे वाक्य एका श्वासात म्हणता आलं पाहिजे, मंगलाष्टकासारखं. कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर शांतपणे सांगा, ‘सर, म्हणजे टपल इम्म्युटेबल असतो.’ आवाज थोडा चढवा. समोरचाही कधी काळी असाच पास झालेला असतो.

अर्थ सांगायचा मोह होईल. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ट्रंकेत सातबारा आहे. गट नंबर, क्षेत्र, खातेदार एकदा छापून आलं की त्यावर पेनानं खाडाखोड चालत नाही. बदल हवा तर तलाठ्याकडं फेरफार घालायचा आणि नवा उतारा काढायचा. टपल तेच करतो. आत हात घालू देत नाही, बदल पाहिजे तर म्हणतो नवा टपल करून आण. त्यात गंमत अशी, की टपलच्या पोटात एखादी लिस्ट ठेवली असेल तर ती लिस्ट मात्र बदलता येते. गट नंबर हलत नाही, पण वारसांची यादी वाढत राहते आणि सगळी भांडणं त्या यादीत होतात. हे उदाहरण उत्तरपत्रिकेत लिहू नका. मॉडेल आन्सरमध्ये सातबारा नाही.

आणि हो, एकाच वस्तूचा टपल करायचा तर वस्तूनंतर स्वल्पविराम द्यावा लागतो. नुसत्या कंसात पाच लिहिले तर ते पाचच राहतात. एका स्वल्पविरामावर इतकं अवलंबून असणं दुःखद आहे, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पाठ करा.

४. लिस्टला फार जवळ करू नका.

लिस्ट म्हणजे आडत दुकानातली रोजकीर्द. आलेला माल, गेलेला पैसा, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं एकाखाली एक. खाली नवी ओळ जोडायला वेळ लागत नाही. पहिली ओळ शून्य नंबरची, एवढंच मुनीमजींना पटणार नाही.

त्रास सुरू होतो तो पुढून काही काढायचं म्हटलं की. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली जलदूत आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. टँकरसमोर माणसं कमी आणि घागरी जास्त असायच्या; माणूस सावलीला, घागर रांगेत. पुढची घागर भरून गेली की मागच्या प्रत्येक घागरीला कुणी तरी उचलून एक पाऊल पुढं सरकवायचं. लिस्टमधला शून्यावा घटक पॉप केला की पायथॉन आतून नेमकं हेच करतो. शंभर घागरी असतील तर नव्व्याण्णव हलवतो. मधे घुसणाऱ्यालाही इन्सर्ट करून देतो, आणि मागच्या सगळ्यांना एकेक पाऊल मागं रेटतो, न भांडता. अशा रांगांसाठी ‘डेक’ नावाची वेगळी सोय आहे, दोन्ही टोकांनी चटकन उघडणारी. तुमच्या युनिटात ती नाही, म्हणून ती नाही.

यादी दुसऱ्या नावात ठेवताना बरोबरचं चिन्ह बिनधास्त वापरा. ‘ब बरोबर अ’ लिहिलं की दोन याद्या झाल्या, असा आपल्या लॅबमध्ये सार्वत्रिक समज आहे आणि तो मोडण्याची मला गरज वाटत नाही. घरी जो बाळू तोच शाळेत बालाजी. न्हाव्यानं बाळूचे केस कापले आणि सोमवारी शाळेत बालाजी टकला आला, तर दचकायचं कशाला? दुसरी खरी यादी हवी असेल तर कॉपी म्हणावं लागतं. कॉपी या शब्दाबद्दल आपल्या परीक्षा केंद्रांवर आधीच पुरेशी जागृती आहे.

गुणवत्ता यादी तर आपल्या भागाला शिकवावी लागू नये. लातूर पॅटर्न गाजला तो बोर्डाच्या याद्यांवर. मोठ्याकडून लहानाकडं लावायची आणि वरचे पन्नास कापून घ्यायचे, याला पायथॉनमध्ये सॉर्ट आणि स्लाइस म्हणतात. इथं एक विश्वासघात होतो. ‘यादी बरोबर यादी डॉट सॉर्ट’ असं लिहिलं की सॉर्ट यादीला जागच्या जागी लावून देतो, पण हातावर काहीच ठेवत नाही. ठेवतो ते ‘नन’. ते ‘नन’ तुम्ही स्वतःच्या हातानं यादीच्या नावावर चढवता आणि साठ पोरांचे मार्क गायब होतात. एका कॉलेजात असं झालेलं मी पाहिलं आहे. तेव्हा सगळ्यांनी दोष व्हायरसला दिला. तुम्हीही द्या, व्हायरस कधी खुलासा मागत नाही.

हजेरी कमी असलेल्यांसाठी खास टीप. ऑफिसमधल्या नव्या पोरानं रोल लिस्टवर लूप फिरवून डिफॉल्टर एकेक काढायला घेतले, तर तुम्ही दुसऱ्या डिफॉल्टरच्या लगेच मागच्या रोल नंबरवर असा. फिरता फिरता त्याच यादीतून एक नाव काढलं की मागची सगळी एक घर पुढं सरकतात, लूप मात्र पुढच्या घरात जातो, आणि जो सरकून आला तो तपासायचाच राहतो. तो तुम्ही. पंचाहत्तर टक्के हजेरीपेक्षा मित्राची निवड जास्त महत्त्वाची, असं मी पहिल्या वर्षापासून सांगतोय.

५. सेट: येथे दुसरा बालाजी चालत नाही.

सेटमध्ये एक वस्तू एकदाच. आता आपल्या वर्गाच्या हजेरीपटावरची पहिली नावं सेटमध्ये टाका. साठ पोरं आत जातील, पंचेचाळीसच बाहेर येतील. बालाजी सात होते, एक उरला. व्यंकट चार होते, एक उरला. दत्ता, गोविंद, मारोती यांचंही तेच. उरलेला बालाजी कुठल्या बालाजीचा प्रतिनिधी आहे हे सेट सांगत नाही, आणि वर्गातले सर तरी कुठं ओळखतात?

सेटचा खरा गुण शोधण्यात आहे. लाखभर नावांच्या लिस्टमध्ये एक नाव आहे का विचारलं तर ती पहिल्या ओळीपासून बोट फिरवत येते. सेट सरळ नावाच्या जागी जाऊन बघतो. कसा जातो ते पुढच्या पायरीत आहे. ती पायरी तुम्ही गाळणार, हे मला माहीत आहे.

६. डिक्शनरी समजून घेऊ नका, विशेषतः लातूरला राहत असाल तर.

कारण ती फार सहज समजेल आणि मग पाठ होणार नाही.

गंजगोलाईत उभे राहा. मध्ये गोल इमारत, जगदंबेचं देऊळ, आणि चहूबाजूंना फुटलेले सोळा रस्ते. सराफा एकीकडं, भांडी एकीकडं, कापड, चपला, मिरची-गूळ आपापल्या वाटेला. गावाकडून पहिल्यांदा आलेला माणूस गूळ घ्यायचा म्हणून सराफाच्या पहिल्या दुकानापासून विचारत सुटत नाही. ‘गूळ’ म्हटलं की रस्ता ठरतो, रस्त्यावर गेलं की दुकान सापडतं. डिक्शनरीचा कारभार याहून वेगळा नाही. तुम्ही दिलेल्या ‘की’चा एक आकडा काढला जातो, तो हॅश. आकड्यावरून कप्पा ठरतो. सुरुवातीला कप्पे आठ असतात, आपल्या गोलाईच्या निम्मे. दोन तृतीयांशाच्या आसपास भरत आले की पायथॉन नवी मोठी गोलाई बांधतो आणि सगळ्या दुकानांना त्यांच्या नव्या रस्त्यावर हलवतो. एकाही दुकानदाराचा मोर्चा निघत नाही. दोन वेगळ्या कींना एकच कप्पा आला तर दुसरी ठरलेल्या वाटेनं पुढचा रिकामा कप्पा शोधते.

लिस्टला की म्हणून का घेत नाहीत, हेही इथंच उभ्या उभ्या कळतं. ज्या दुकानाची पाटी दर तासाला बदलते, ते दुसऱ्या दिवशी कुठल्या रस्त्यावर शोधायचं? म्हणून पाटी पक्की पाहिजे. टपल चालेल, पण त्याच्या पोटात वारसांची लिस्ट नको. जर्नलमध्ये मात्र यातलं काही लिहू नका. ‘डिक्शनरी ही की-व्हॅल्यू पेअर असते’ लिहा आणि गोलाईतून बाहेर पडा. गर्दी असते तिथं.

आडतीवर हेच काम खतावणी करते. रोजकीर्दीत गेल्या दिवाळीपासूनच्या नोंदी एकाखाली एक. तिच्यात तुमच्या वडिलांच्या सोयाबीनची पट्टी शोधायची तर संध्याकाळ होईल. मुनीमजी रोजकीर्द उघडतच नाहीत. खतावणीतलं नावाचं पान काढतात आणि सतरा कट्टे, उचल किती, बाकी किती, चष्मा वर करून सांगतात. एक वही क्रमाची, एक वही नावाची, आणि दोन्हींची गरज वेगळी, हे त्यांना कुणी चार मार्कांसाठी शिकवलेलं नाही. त्यांच्याकडं शिकवणी लावण्याचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. त्यांच्याकडं सर्टिफिकेट नाही.

मुनीमजी पानाच्या माथ्यावर बापाचं नाव आणि गावही लिहितात. तुम्ही लिहू नका. आपल्या प्रोजेक्टमध्ये नुसतं पहिलं नाव की म्हणून घ्यायची प्रथा आहे. पहिल्या बालाजीचे मार्क भरले, मग दुसऱ्याचे भरले की पहिल्याचे पुसले जातात. सेटमध्ये निदान पहिला टिकतो. इथं शेवटचा बालाजी सर्वांच्या जागी बसतो. एरर येत नाही, लाल अक्षर दिसत नाही, सर ‘व्हेरी गुड’ म्हणतात.

क्रमाबद्दल एक इशारा. डिक्शनरीत नोंदी ज्या क्रमानं भरल्या त्याच क्रमानं बाहेर येतील, अशी हमी २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून आहे. आपल्याकडच्या प्रश्नसंचात ‘डिक्शनरी इज अनऑर्डर्ड’ हेच बरोबर उत्तर आहे. खरं काय ते तुम्हाला आता कळलंय, ते विसरा आणि अनऑर्डर्डवर टिक करा. प्रश्नसंचाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल.

७. मातृभाषेच्या नादी लागू नका.

पायथॉन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबलचं नाव मराठीत देता येतं. ‘यादी’ असं नाव दिलं तरी प्रोग्राम चालतो. हे लॅबमध्ये करून दाखवणाऱ्या पोराला मी एकदा सुखानं पाहिलं, आणि नंतर त्याचे दोन मार्क गेलेलेही पाहिले. आकड्यांचंही तसंच: अवतरणात देवनागरी २५ लिहून ‘इंट’कडं दिले तर तो निमूट पंचवीस मानतो, पण अवतरणाबाहेर तेच २५ लिहिले की भाषा ओळख दाखवत नाही.

‘लातूर’ची लांबी विचारा. आपण तीन अक्षरं म्हणतो, पायथॉन पाच सांगतो, कारण काना आणि ऊकार त्याला वेगळे मोजायचे असतात. नांदेडची सहा. नांदेडकरांनी एवढ्यावरून छाती फुगवू नये. ‘लातूर’ उलटं करा. ‘रतूला’सारखं काही येईल वाटतं, येतं ‘रूताल’. काना शेजारच्याच्या गळ्यात, ऊकार तिसऱ्याच्या पायात. लग्नाच्या मांडवात चपला अशाच बदलतात.

८. एक्स्टर्नल आले की.

आदल्या दिवशी कळवा, सकाळी स्टेशनवर घ्यायला जा. मुरमुऱ्यांची सुशीला गरम हवी, वर शेव वेगळी द्या. चहा दोनदा. ओरलला पहिला प्रश्न ठरलेला: पायथॉन हे नाव का? आमची पोरं ‘अजगर’ म्हणतात आणि जर्नलच्या पहिल्या पानावर अजगराचं चित्रही काढतात. गिडो व्हान रॉसम या डच माणसानं १९९१ मध्ये भाषा बाहेर आणली तेव्हा त्याच्या डोक्यात बीबीसीवरचा मॉन्टी पायथॉन हा विनोदी कार्यक्रम होता. हे सांगू नका. एक्स्टर्नलनं पण अजगरच लिहून आणलेला असतो.

दुसरा प्रश्न: लिस्ट आणि टपलमधला फरक. तिसऱ्या पायरीतलं मंगलाष्टक सुरू करा. चौथ्या मुद्द्यापर्यंत त्यांची सही झालेली असते. त्यांना संध्याकाळची गाडी असते.

९. पास झाल्यावर काय?

पुण्याला जा. हिंजवडीत इंटरव्ह्यू घेणारा फरक स्पष्ट करा म्हणणार नाही. तो दोन लाख नावं देईल आणि दुबार आलेली शोधा म्हणेल. तुम्ही लिस्टवर लिस्ट फिरवाल. प्रोग्राम फिरत राहील. तो पाणी पिऊन येईल, फोनवर बोलून येईल, प्रोग्राम फिरतच असेल. मग ‘कळवतो’ म्हणेल. अशा वेळी मन खट्टू करून घेऊ नका. रात्रीची ट्रॅव्हल्स धरा आणि घरी या.

घरी येऊन क्लास काढा. लातूरच्या ट्यूशन एरियात निदान जिन्याखालची तरी एक खोली मिळतेच, नांदेडला श्रीनगरच्या बाजूला बघा. फ्लेक्सवर ‘आठ दिवसांत पायथॉन, थिअरीसह’ लिहा. फोटोत कोट घाला. पहिल्या बॅचला सात पोरं येतील. त्यांची फी स्वतः बनवलेल्या प्रोग्राममध्ये भरा, डिक्शनरीत, पहिलं नाव की म्हणून. महिनाअखेरीला स्क्रीनवर पाचच नावं दिसतील आणि दारात दोन बालाजी पावती मागत उभे असतील. त्यांना बसवा, पंखा लावा, आणि म्हणा, ‘सर्व्हर डाऊन आहे.’